म्हशीचं दूध मशीनला चालत नाही

शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी एकवीस वर्षं खरेदी विभागात आहे. खोट काढायला शिकवणारा याहून चांगला विभाग दुसरा नसेल. समोरच्यानं कितीही चांगला माल आणला तरी आधी नाक मुरडायचं, मग नमुना मागायचा, मग तीन ठिकाणची कोटेशनं मागवायची, आणि शेवटी पहिल्या दिवशी जो आवडला होता त्याच्याकडूनच माल घ्यायचा. पण तक्ता करून. तक्त्याशिवाय आम्ही टाचणीसुद्धा घेत नाही.

त्यामुळे घरात कॉफीचं मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा मी तक्ता केला.

ठरलं म्हणजे मी ठरवलं. नवरा चहाचा माणूस. सकाळी दोन, संध्याकाळी एक, आणि मधे कुणी आलंच तर त्याच्या निमित्तानं आणखी एक, एवढ्यावर त्याचं सुखात चाललं होतं. खरं कारण होते आमचे नवे साहेब. ते बंगळुरूहून बदली होऊन आले आणि छावणीजवळ बंगला भाड्यानं घेऊन राहिले. पहिल्याच महिन्यात त्यांनी आम्हा विभागातल्या सगळ्यांना घरी बोलावलं, आणि एका चकचकीत मशीनमधून खोकल्याच्या औषधाच्या मापाएवढ्या कपात काळी कॉफी काढून एकेकाच्या हातात ठेवली. कशाची चव लागतेय, असं त्यांनी मला विचारलं. मला जळक्या शेंगदाण्यांची लागत होती. छान आहे, म्हणाले मी. माझ्या हाताखालच्या एका बाईनं डोळे मिटून जर्दाळू असं सांगितलं आणि साहेब खूश झाले. तिच्या घरी जर्दाळू कधी कुणी पाहिला असेल तर शपथ.

घरी येताना मला माझाच राग येत होता. फुलंब्रीच्या शेतकऱ्याच्या घरातून निघून मी इथवर आले, मुकुंदवाडीत फ्लॅट घेतला, पुरवठादारांना केबिनबाहेर ताटकळत ठेवते, आणि त्या औषधाच्या मापाएवढ्या कपापुढं पुन्हा फुलंब्रीची होऊन बसले. हे त्या वेळी मी कुणापुढं कबूल केलं नसतं. तेव्हा मी एवढंच म्हणाले, की चहानं पित्त होतं.

मग तीन महिने शोध चालला. पाण्याचा दाब किती बार, टाकी किती लिटरची, वाफेची नळी पितळेची की स्टीलची, दळण्याचं यंत्र आतच की वेगळं. रोज जेवण झाल्यावर मी फोनवर माणसं कॉफी करताना बघायची. त्यातला प्रत्येकजण दाढीवाला होता आणि प्रत्येकाचं स्वयंपाकघर असं, की तिथं आयुष्यात कधी फोडणी पडली नसावी. मॉलमधल्या दुकानात विक्रेत्यानं मला मशीनमधून येणारा तपकिरी फेस दाखवून त्याचं महत्त्व अर्धा तास सांगितलं. सांगताना त्याच्या दुसऱ्या हातात टपरीवरच्या चहाचा कागदी कप होता. मी त्याला विचारलं, तू घरी कोणतं वापरतोस? तो म्हणाला, "अपने घर में तो चायच चलती, मॅडम." इतकी खरी माहिती माझ्या तक्त्यात दुसरी नव्हती, पण तिला रकाना नव्हता.

मशीन आलं आणि मिक्सरची जागा गेली. मिक्सर ओट्याखाली गेला, तिथला पोळपाट फ्रिजवर गेला, आणि फ्रिजवरचे देव मात्र नवऱ्यानं हलू दिले नाहीत. सकाळी सव्वासहाला मी अठरा ग्रॅम बी तोलायची, दळायची, दाबायची, पंचवीस सेकंद मोजायची. सतरा ग्रॅम झाली की आंबट, एकोणीस झाली की कडू. ज्या बाईनं आयुष्यभर मीठ चिमटीनं टाकलं ती आता कॉफी सोनाराच्या काट्यावर तोलत होती. एक कप करायला अकरा मिनिटं लागत आणि नंतर पुसायला नऊ. नवरा तेवढ्यात छोट्या पातेल्यात दोघांचा चहा करून एकटा पिऊन मोकळा व्हायचा. फक्त पातेलं घासताना जरा जास्त आवाज करायचा.

आल्यागेल्याला मी ती कॉफी पाजली. शेजारच्या काकूंनी दोन चमचे साखर घातली, एक घोट घेतला, आणखी दोन घातली आणि आपल्या नातीच्या शाळेचा विषय काढला. मी मनात म्हणाले, गावंढळ आहेत.

आता अण्णांबद्दल सांगते. अण्णा म्हणजे माझे वडील. फुलंब्रीला भाऊ आणि वहिनीजवळ राहतात, वय शहात्तर, दारात तीन म्हशी. माझं लग्न झाल्यापासून दर रविवारी ते माझ्याकडं येतात. पहाटेची धार काढून दोन लिटरची किटली भरायची, एसटीनं सिडकोला उतरायचं, शेअर रिक्षानं मुकुंदवाडीला यायचं, नऊच्या आत दार वाजवायचं. त्या दुधाचा चहा व्हायचा, पाण्याचा थेंब न घालता. मग ते स्वयंपाकघरात स्टुलावर बसून विहिरीचं पाणी किती खाली गेलं, कोणत्या म्हशीनं लाथ मारली, बांधावरून कोण कुणाशी बोलत नाही, एवढं सांगायचे आणि अकराच्या गाडीनं परत जायचे. जेवायला थांबा म्हटलं तर थांबायचे नाहीत. एकदा मी म्हटलं होतं, दरवेळी कशाला ओझं आणता? तेव्हा म्हणाले, "लेकीच्या दारात मोकळ्या हातानं यायचं नसतं, बाई." ते मी ऐकलं आणि सोडून दिलं.

मशीन आल्यावर दोन महिन्यांत दुधाला फेस आणणारी वाफेची नळी बिघडली. फेसाऐवजी नुसतं गुरगुरणं. मी कंपनीच्या माणसाला फोन लावला. त्यानं तिकडूनच विचारलं, दूध कोणतं? म्हशीचं, घरचं, मी जरा ऐटीत सांगितलं. तो म्हणाला, ते चालत नाही मॅडम, मलई अडकते, नळीत टाचणी घालून साफ करा आणि पाकिटातलं कमी फॅटचं घ्या. मशीन न उघडता, न बघता त्यानं निदान केलं आणि मी ते मान्य केलं. आमच्या कारखान्यात कुणी असा अहवाल दिला असता तर मी तो त्याच्या तोंडावर फेकला असता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अण्णांनी किटली ओट्यावर ठेवली. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, आणि समजावण्यात माझा हात कुणी धरणार नाही. वाफ म्हणजे काय, फॅट म्हणजे काय, फेस कसा बसतो. ते मशीनकडं बघत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "म्हंजी दूध चांगलं नाय?"

"चांगलं आहे अण्णा. पण मशीनला चालत नाही. फॅट जास्त आहे, स्पेसिफिकेशनमध्ये बसत नाही."

स्पेसिफिकेशन हा शब्द मी माझ्या बापाला वापरला. गेल्या एकवीस वर्षांत तो मी शेकडो लोकांना वापरला आहे आणि त्यांचे चेहरे कसे होतात ते मला चांगलं माहीत आहे. गावच्या डेअरीत अण्णांच्या दुधाची फॅट सगळ्यांत जास्त लागते, मापवाला चारचौघांत तसं म्हणतो, आणि त्या दिवशी ते दोन माणसं जास्त भेटून घरी येतात. त्याच गुणावर बोट ठेवून मी ते नाकारलं. अण्णा "बरं" म्हणाले. त्या दिवसापुरता चहा झाला. किटली त्यांनी स्वतः विसळली, पिशवीत घातली आणि दहालाच निघाले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. गाडी चुकली, असा फोन आला. त्याच्या पुढच्या रविवारी गुडघा. मग मका काढायचा होता. मग पुन्हा गुडघा. पुरवठादारांच्या सबबी ओळखण्यात माझी अर्धी नोकरी गेली, पण या मी ओळखल्या नाहीत, किंवा ओळखायच्या नव्हत्या, कारण खरं सांगायचं तर रविवारची सकाळ मोकळी मिळाल्याचं मला बरंच वाटत होतं. पाकिटातलं दूध आणून मी फेस काढत होते. एकदा त्या फेसावर पान उमटलं. ते मी साहेबांना फोटो काढून पाठवलं. त्यांनी अंगठा दाखवला आणि माझा दिवस चांगला गेला.

नवऱ्यानं एकदाच विचारलं, "अण्णांना दूध नको म्हणालीस का येऊ नका म्हणालीस?" मी त्याच्यावर उखडले. दूध म्हणाले, फक्त दूध. तो म्हणाला, तेच विचारतोय.

सहाव्या आठवड्यात नळी पुन्हा बंद पडली. पाकिटातलं दूध, कमी फॅट, सगळं नियमानं, आणि तरी तेच गुरगुरणं. या वेळी मी फोनवर इतकी भांडले की तो माणूस स्वतः आला. त्यानं मशीन उलटं केलं, चार स्क्रू काढले आणि आतली नळी माझ्यापुढं धरली. आत पांढरा दगड बसला होता. नखानं खरवडला तरी निघेना. तो म्हणाला, "दूध का नहीं है मॅडम, पानी का है. बोअर का पानी डालते क्या?"

आमच्या इमारतीत बोअरचं, नाहीतर टँकरचं पाणी येतं. बादल्या पांढऱ्या होतात, नळांना खडे धरतात, गिझर दर दोन वर्षांनी मरतो, हे मुकुंदवाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी पंधरा वर्षं त्याच पाण्यात भांडी घासते. तेच पाणी मी रोज टाकीत ओतत होते आणि दोष म्हशीला देत होते. पाणी नेहमीचं, म्हणून त्याच्याकडं बघायचं सुचलं नाही. दूध बापाचं होतं आणि बाप ऐकून घेणारा होता.

त्याच संध्याकाळी मी वहिनीला फोन केला. गुडघ्याचं विचारलं. ती म्हणाली, गुडघ्याला काय धाड भरलीय, रोज शेतात जातात. मग म्हणाली, "दर रविवारी न्हाऊन, कापडं घालून बसतात. जा म्हटलं तर म्हणतात, हातात काय घेऊन जाऊ?"

रविवारी मी फुलंब्रीला गेले. गाडीत बसून मी वाक्यं जुळवत होते. दूध निर्दोष आहे, दोष पाण्याचा होता, माझी चूक झाली. कारखान्यात चुकून नाकारलेला माल परत घेताना आम्ही असंच पत्र काढतो आणि पुरवठादार हात जोडून पुन्हा येतो. मला वाटत होतं की इथंही तसंच होईल.

अण्णा ओसरीवर होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि "आसं व्हय," एवढंच म्हणाले. मग आत जाऊन वहिनीला काहीतरी सांगून आले. थोड्या वेळानं चहा आला. अण्णांना, भावाला, वहिनीला, घट्ट, तांबूस, वर साय धरलेला. माझ्यापुढं वेगळा कप आला. त्यात काळी कॉफी होती, पुडीतली, पाण्यात उकळलेली. आमच्या घरात कॉफी फक्त सोयरीक जमवायला आलेल्या अनोळखी लोकांना देतात. घरच्या माणसाला कुणी विचारत नाही.

मी अण्णांकडं बघितलं. ते टोमणा मारत नव्हते. टोमणा मारला असता तर मी भांडले असते आणि सोपं झालं असतं. ते म्हणाले, "दुकानातून मुद्दाम आणून ठेवली होती. तू कवा आलीस तर असू दे म्हणून. मशिनीला चालत नाय म्हणालीस, मला वाटलं तुलाबी चालत नसंल."

ती कॉफी मी शेवटपर्यंत प्यायले. साखर मागायचं धाडस झालं नाही. त्या ओसरीवर मी चाळीस वर्षं चहा प्यायले आहे, आणि त्या दिवशी तिथं मी पाहुणी होते. मला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी कपात तोंड घालून बसले होते. तेवढ्यापुरता कप मोठा होता हे बरं झालं.

निघायला उठले तेव्हा अण्णा आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. शेवटी दारात उभं राहून म्हणाले, "काय देऊ तुला?"

हे त्यांनी मला कधी विचारलेलं नव्हतं. ते पिशवीत घालायचे आणि पिशवी हातात द्यायचे. शेवग्याच्या शेंगा, तुरीची डाळ, पेरू, जे असेल ते. लोकांनी मला काय हवं ते विचारावं आणि मी बारीक बारीक अटी घालून सांगावं, याचा मला पगार मिळतो. त्या दारात माझ्याकडं एकही अट नव्हती. मी म्हणाले, "दूध द्या."

अण्णा म्हणाले, "लागत नसंल तर माझ्यासाठी म्हणून नेऊ नको."

"लागतं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. बाजारात म्हैस विकत घेणाऱ्या माणसाचं बोलणं खरं की खोटं हे ते असंच बघून ठरवतात. मग म्हणाले, सकाळचं सगळं डेअरीला गेलं, आता सहाची धार, तोवर थांबावं लागेल.

मी पिशवी खाली ठेवली आणि ओसरीवर बसले. पुढच्या रविवारी तुम्ही याल का, हे मी धार निघेपर्यंत तीनदा विचारायला गेले आणि तिन्ही वेळा म्हशींचं काहीतरी विचारून परत आले.