लाल भिंतीची बायजाक्का

महिन्यापूर्वी एका सकाळी सांगलीहून फोन आला. अण्णाशेठ कापडवाल्यांचा नातू बोलत होता. "काका, आमची भिंत लाल करणारी ती म्हातारी गेली हो, म्हसवडची बायजाक्का. म्हटलं तुम्हाला कळवावं." मी "अरेरे" म्हणालो, कधी, कशानं, एवढं विचारलं आणि फोन ठेवला. बायजाक्का नव्वदीला टेकली होती, नातवंडा-पतवंडांत होती, झोपेत गेली. अशा जाण्याबद्दल कुणी तक्रार करू नये. पण त्या पोराच्या बोलण्यात एक चूक होती. भिंत बायजाक्कानं लाल केलीच नव्हती. कुणी केली ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी आजवर गप्प बसत आलो तसा मी त्या सकाळीही गप्प बसलो.

दुसरं महायुद्ध संपून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी कोरेगावचा. मॅट्रिक होऊन, पुण्याच्या एका कंत्राटदाराच्या हाताखाली दोन वर्षं काढून, खिशाला फाउंटन पेन लावून ठेकेदार म्हणून मिरवायला लागलो होतो. अण्णाशेठनी सांगलीत हळदीची एक जुनी वखार विकत घेतली आणि तिचं कापडाचं दुकान करून द्यायचं काम मला दिलं. माझं पहिलंच काम. नवी फरशी, नवी दारं, नवी कौलं, सगळं वेळेवर झालं. गवंडी गेले आणि मला वाटलं, दुकान झालं. शेठ पांढऱ्याशुभ्र धोतरात पाहायला आले, भिंतीला टेकून पाच मिनिटं बोलले, आणि बाहेर उजेडात गेले तेव्हा पाठीमागून हळद लागलेला नवरदेव दिसत होते. बाशिंग तेवढं बांधायचं बाकी होतं. "ठेकेदार," ते पदर... म्हणजे धोतराचा सोगा झटकत म्हणाले, "मला इथं धोतरं विकायची आहेत, पितांबरं नव्हेत. पाडव्याला दुकान उघडायचंय." कित्येक वर्षांची हळद त्या भिंतींत मुरली होती आणि पाडवा वीस दिवसांवर होता.

मग कुणीतरी बायजाक्काचं नाव सांगितलं. म्हसवडकडची बाई, तिशीची, उंच, काटक. दुष्काळात मेंढरं गेली तेव्हा नवऱ्याबरोबर सांगलीला आली आणि बांधकामावर पाट्या वाहू लागली. तिथं तिच्या ध्यानात आलं की इमारत बांधायला सगळे असतात, बांधून झालेली साफ करायला कुणी नसतं. "गवंडी गेला की बापय मानसाला वाटतं, झालं काम," ती म्हणायची, "खरं काम तितनं पुढं लागतंय." गावाकडच्या चार बाया जमवून तिनं तोच धंदा धरला. तिचं सामान एका गोणपाटात मावे. काथ्या, राख, चिंचेचा गोळा, करवंट्या आणि चुन्याचे शिंतोडे खरवडायला पत्र्याचे तुकडे. आल्या आल्या ती डोळे मिटून अनवाणी साऱ्या फरशीवरून चालत गेली. मी चेष्टेनं विचारलं, हे काय. "डोळं फसवत्यात ठेकेदार, तळवं न्हाईत फसवत," ती म्हणाली. मग भिंतीवरून बोट फिरवून तिनं ते मला दाखवलं. "फरशीचं बगते मी. पर भितीला चुना लावू नगा. हळदीला चुना दावायचा नसतोय. आदी हळद जाऊ द्या."

ती पुढं कारणही सांगणार होती. पण मी हात वर करून तिला थांबवलं. मला वाटलं, असेल बायकांचा काहीतरी विधिनिषेध. चार बुकं शिकलेल्या माणसाला हा एक रोगच होतो. अडाणी माणसानं तोंड उघडलं की त्याला अंधश्रद्धाच ऐकू येते. दुसऱ्या दिवशी बायजाक्का बायांना घेऊन दोन दिवसांसाठी पलूसला दुसऱ्या कामावर गेली, आणि मी रंगाऱ्याला बोलावून चारही भिंतींना चुन्याचे दोन हात मारून घेतले. संध्याकाळी कुलूप लावताना शीळ घालत होतो.

सकाळी दार उघडलं आणि पाहतो तो काय! भिंती लालभडक झाल्या होत्या. समोरच्या भिंतीवर तर वरून खालपर्यंत असे ओघळ आले होते की जणू कुणी मळवट भरावा. मी दार लावून घ्यायच्या आत शेजारची एक म्हातारी आत डोकावली, तिनं गालांवर चापट्या मारून घेतल्या आणि ओरडली, "आई अंबाबाई!" अर्ध्या तासात पेठ लोटली. हळदीच्या वखारींतले हमाल नारळ घेऊन आले. घरी स्वतःच्या हातानं हळदीला चुना लावून कुंकू करणाऱ्या बायकाही त्या गर्दीत होत्या, पण स्वयंपाकघरात जे कळतं ते देवीपुढं कुणाला आठवतंय! अण्णाशेठ माझा गळा धरायलाच आले होते. पण गर्दी पाहिली, नारळ पाहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू निवळला. "देवी आली म्हणजे गिऱ्हाईक आलंच," ते माझ्या कानात म्हणाले. "ही भिंत अशीच राहू दे. इथं समई, तिथं गादी. तुमच्या हाताला यश आहे हो, ठेकेदार!" मी काय केलं असेल? मीही हात जोडले. स्वतःच्या चुकीला भक्तिभावानं नमस्कार करणारा माझ्यासारखा दुसरा कुणी असेल असं वाटत नाही.

एवढ्यात पलूसहून बायजाक्का परत आली. दारातच तिनं भिंत पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली. शेजारची म्हातारी तेव्हा लुगड्याच्या पदरात खण-नारळ घेऊन भिंतीची ओटी भरत होती. बायजाक्का सरळ पुढं गेली, एका हमालाच्या चंचीतली चुन्याची डबी घेतली, खिडकीच्या फळीवरची हळदीची भुकटी तळहातावर ओढली, वर चुना टाकला, थुंकीचं बोट फिरवलं आणि हात सगळ्यांपुढं धरला. तळहात लाल! "ही बगा तुमची देवी," ती म्हणाली. "आवं, घरात कुंकू करता न्हवं तुमी?" एक हमाल फिस्सकन हसला आणि सगळी वखार हसायला लागली. म्हातारी मात्र ओशाळून उभी होती. बायजाक्कानं तिचा हात धरला. "आज्जे, तुजा नारळ वाया न्हाई जायाचा. देवळात ठिव जा. माजा म्हसवडचा सिद्धनाथ बगतोय, देवाच्या नावानं खोटं मला चालायचं न्हाई."

गर्दी पांगली आणि अण्णाशेठची देवी गेली ती गेलीच. ते माझ्यावर उसळले. "चुना लावायला कुणी सांगितलं? नाव सांगा!" पहिलं काम, तेही असं. सांगलीत मला पुन्हा कुणी उभं केलं नसतं. आणि देवाच्या नावानं खोटं चालायचं नाही असं आत्ताच म्हणालेली ती बाई शांतपणे म्हणाली, "म्या सांगितलं. चुन्यानं हळद झाकंल म्हनले. चुकलं माजं." तिच्या चारी बाया चकित होऊन तिच्याकडे पाहत राहिल्या. मी फरशीकडे पाहत राहिलो.

शेठनी सांगून टाकलं, पाडव्यापर्यंत भिंत पांढरी करा आणि मग ही बाई पुन्हा पेठेत दिसता कामा नये. त्यानंतरचे दिवस मी तिच्या हाताखाली पत्र्यानं चुना खरवडत काढले. चिंचेच्या पाण्यानं भिंती धुतल्या तशा त्या लालच्या पुन्हा पिवळ्या झाल्या, आणि मला वाटलं आता रडू फुटणार. "आता कौलं काडा," बायजाक्का म्हणाली. मी नुकतीच बसवलेली नवी कोरी कौलं! पण आता मला तोंड कुठं होतं? कौलं उतरवली, शेजारच्या वखारीची धूळ येऊ नये म्हणून खिडक्यांना ओली गोणपाटं टांगली आणि चैत्राच्या तोंडचं सांगलीचं ऊन भिंतींवर सोडलं. हळद साबणानं जात नाही, उन्हानं जाते. रोज सकाळी भिंत थोडी फिकी दिसे. शेवटी दारामागं तळहाताएवढा चुना लावून तिनं एक दिवस वाट पाहिली. तो पांढराच राहिला, तेव्हा कुठं तिनं चारी भिंतींना चुना द्यायला आणि कौलं परत चढवायला मान हलवली. पाडव्याला अण्णाशेठ भिंतीला टेकले, वळून सगळ्यांना पाठ दाखवली आणि स्वतःच टाळ्या पिटल्या.

मला त्यांनी पुढचं काम दिलं. बायजाक्काला सांगलीत कुणी बोलावलं नाही. मी तिला साताऱ्याच्या माझ्या प्रत्येक कामावर नेलं, आणि ती मला त्या दिवसापासून अरेतुरे करू लागली. साताऱ्यात एका फोटोवाल्याच्या नव्या दुकानात काचांवरचे रंगाचे डाग काढताना एकदा मी धीर करून विचारलं, तू खोटं का बोललीस? ती घासता घासता म्हणाली, "आरं, देवाच्या नावानं खोटं बोललं तर गरीब मानसं नारळ फोडत बसत्यात. तुज्यापायी बोलले तर एकटा शेठ फसला. त्येला काय हुतंय? लय पैसंवाला हाय." मग थांबून म्हणाली, "आन् तू शिकला असतास का दुसऱ्या कशानं?" सांगलीला जाऊन खरं सांगतो, असं मी तिला तेव्हाच म्हणालो होतो. पुढच्या महिन्यात, मग दिवाळीनंतर, मग अण्णाशेठ वारल्यावर आता कुणाला सांगायचं... भ्यालो होतो, दुसरं काही नाही. त्याची मला लाज वाटते.

तेराव्याला म्हसवडला गेलो. तिचा मुलगा पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेला. त्याला बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं, घाम पुसत, अडखळत. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आवं काका, ही गोष्ट आमच्या बारक्या पोरास्नीबी पाठ हाय." ओसरीवर एक अगदी वाकलेली बाई बसली होती, त्या चार बायांतली शेवटची उरलेली. तिनं डोळ्यांवर हात धरून मला न्याहाळलं. "ह्योच व्हय त्यो चुन्याचा ठेकेदार?" तिनं विचारलं. "बायजी म्हनायची, त्यो सांगंल एक दिस. मी म्हनायची, न्हाई सांगायचा. साठ वर्सं भांडलो आमी ह्याच्यावरनं." आणि आत टांगलेल्या बायजाक्काच्या फोटोकडे तोंड करून ती मोठ्यानं म्हणाली, "बायजे, हरले गं मी!"

नाही, म्हातारे, तू अजून हरलेली नाहीस. म्हसवडला आधीपासूनच माहीत होतं. तिथं सांगण्यात काय मोठेपणा? सांगायचं होतं ते सांगलीला. तेव्हा अण्णाशेठच्या नातवा, नीट वाच आणि दुकानातल्या सगळ्यांना वाचून दाखव. बायजाक्कानं तुमची भिंत पांढरी केली. लाल केली ती मी.