‘ग्लिबली’ म्हणजे छानच ना?

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ गाड्यांच्या शोरूममध्ये गिऱ्हाइकांशी बोलायचं काम करतात. सगळा जन्म कोल्हापुरात गेला, पण त्यांच्या तोंडून कधी ‘हाय-न्हाय’ ऐकलं नाही. लिफ्ट बंद पडो की कुणाच्या घरी मयत होवो, “काही काळजी करू नका, सगळं छान होईल,” हे वाक्य तयारच असायचं. मला त्या वाक्याचा राग यायचा.

परवा ते माझ्या दारात आले. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो, म्हणून विचारायला.

“सर, ‘ग्लिबली’ म्हणजे छानच ना? मलकापूरहून मिसेसचा फोन होता. म्हणाली, तुम्ही सगळं ग्लिबली बोलता.”

वहिनी दिवाळीला माहेरी गेल्या, त्या अजून आल्या नव्हत्या. तरी मी सांगून टाकलं, “गुळगुळीत बोलणं. ऐकायला गोड, पण त्यात मन नसतं, असं.”

“छान, छान. धन्यवाद सर. काही काळजी...”

म्हणत ते जिना चढायला वळले. कठड्याला धरून ते जिन्यातच थांबले.

“मग बोलायचं कसं वो, सर? मला दुसरं काय येतच न्हाय की.”