श्रीवर्धनचं स्थळ आणि डबीभर काजळ

सव्विसाव्या वर्षी माझ्या डोक्यावर केस किती उरले होते, हे आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. अलिबागेत मास्तरकी, स्वभाव गरीब, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण टोपी काढली की स्थळ गेलंच! एका मुलीच्या मामांनी तर मलाच विचारलं, "मुलगा नाही आला बरोबर?" तुम्ही हसताय, मी त्या दिवशी जेवलोसुद्धा नव्हतो. आपलं लग्न आता होत नाही, असं मनाने घेतलंच होतं.

तेवढ्यात श्रीवर्धनच्या वाडीवाल्यांकडचं स्थळ आलं आणि ताईच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या भावोजींनी, सूत्रं हाती घेतली. (भावोजींनी सूत्रं हाती घेतली की आमच्याकडे काहीतरी फुटतं.) आईने नातवंडांसाठी एरंडेलात कालवून ठेवलेलं डबीभर काजळ त्यांनी माझ्या टकलावर चोपडलं आणि वर काळी टोपी चढवली.

"टोपी आहे ना, मग काजळ कशाला?"

"खाडीत वाऱ्याने उडाली तर?"

"अहो, पण जवळून कळेल!"

"जवळून ती लग्नानंतर बघणार. मग काय करणार आहे?"

आईने हे ऐकून देवाला हात जोडले.

होडीत टोपी जागची हलली नाही. भावोजी विजयी मुद्रेने मला आणि आईला घेऊन श्रीवर्धनात उतरले. मुलीचे वडील अप्पा अंगणातच उभे होते.

"या, या! उन्हातून आलात. आधी विहिरीवर आंघोळी उरका. सोवळी काढून ठेवलीत, पानं मांडायला घेतलीत."

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. वाऱ्याचा विचार झाला होता. पण आंघोळ करून, सोवळं नेसून, उघड्या डोक्याने पानावर बसायचं असतं, हे कुणालाच आठवलं नव्हतं. आणि आमच्या घरीही रीत तीच होती!

"याला जरा सर्दी आहे," भावोजी म्हणाले.

"मग ऊन पाणी काढायला सांगतो की!"

पहिल्या तांब्यालाच काळे ओघळ नाकावरून छातीवर आले. मी घाबरून डोकं चोळलं. एरंडेलातलं काजळ पाण्याने जात नाही, पसरतं! कपाळ गेलं, कान गेले, मान गेली. भावोजी पंचा घेऊन धावले, तर पंचा काळा आणि भावोजीही काळे!

"झालं का हो?" अप्पांनी ओटीवरून हाक मारली.

"होतंय, होतंय!"

इतक्यात केळीआडून एक मुलगी आली. हातात दोन वाट्या. "पाण्याने नाही जायचं ते," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "आधी खोबरेल चोळा, मग शिकेकाई लावा." वाट्या धोंड्यावर ठेवून ती चटकन आत गेली. मुलगी बघायला आम्ही आलो होतो आणि मुलीनेच मला बघून घेतलं, तेही ओल्या पंच्यात!

पानावर बसलो तेव्हा डोकं समईच्या उजेडात लखलखत होतं. अप्पा बघतच राहिले. भावोजींनी काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं. मी त्यांना थांबवलं.

"अप्पा, मी असाच आहे. काय ते आत्ताच सांगा."

अप्पांनी आत वळून विचारलं, "काय गं सुमन?"

स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. मग, "माझी ना नाही."

आई भाताच्या पानावरच रडायला लागली. मला तर काय जेवलो तेही आठवत नाही. जग एकदम चांगलं वाटायला लागलं होतं.

लग्नानंतर मी हळूच विचारलं, "माझ्यात काय पाहिलंस गं?" वाटलं, स्वभाव म्हणेल, निदान मास्तरकी तरी.

"तुमच्याआधी दोघं बघून गेले. डोकीभर केस होते, पण बघून हसू नाही आलं. तुम्हाला विहिरीवर बघितलं नि अप्पांनी विचारलं तेव्हा ते आठवून हसता हसता हातातलं पातेलंच पडलं. म्हटलं, जन्म मजेत जाईल."

एवढ्या वर्षांत मी तिला एकदाही निराश केलेलं नाही!