शेषरावानं उभा केलेला बाजा

शेषराव कॉलेजात शिपाई होता, पण हात सुताराचा. इंग्रजी छावणीतल्या बंद चर्चमधला नळ्यांचा जुना ऑर्गन शहाण्णव साली हिंगोलीच्या त्या कॉलेजाला मिळाला, तेव्हा तो सुटा करून टेम्पोत घालायला प्राचार्यांनी त्यालाच धाडलं. भात्याचं कातडं उंदरांनी खाल्लेलं, नळ्या चेपलेल्या.

"सभागृहात ठेवा शोभेला," प्राचार्य म्हणाले.

शेषरावाला मात्र तो वाजायला हवा होता. दोन वर्षं ड्यूटी सुटली की तो त्याच्याशी झटत बसायचा. जवळच्या गोरेगावच्या बाजारातून मेंढीचं पातळ कातडं आणून त्यानं भात्याला सरसानं चिकटवलं. एकेक नळी लाकडी दांड्यावर ठोकून गोल केली. त्याची लेक दीक्षा त्याच कॉलेजात शिकायची, पेटी वाजवायची. सूर तिनं जुळवून दिले. पहिली नळी बोलली तेव्हा बापलेक वेड्यासारखे हसत सुटले.

उद्घाटनाला वादक नांदेडहून आले. शेषरावाला ऑर्गनच्या मागं उभं केलं, भाता हलवायला. प्राचार्य माइकवर म्हणाले, "मुंबईच्या कारागिरांनी हे वाद्य पुन्हा उभं केलं."

दीक्षा ताडकन उठली. "खोटं हाय, सर! माझ्या बाबानं केलंय!"

प्राचार्यांनी मागं वळून पाहिलं.

"शेषराव, ही पोरगी तुमची?"

शेषराव घामाघूम होऊन बाहेर आला. सरळ लेकीपाशी गेला आणि सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली.

"माफी माग सरांची."

"काहून मागू, बाबा?"

"नोकरी घालवतीस का माझी? माग!"

तिनं मागितली. शेषराव मागं जाऊन पुन्हा भात्याचा दांडा हलवू लागला. ऑर्गन फार गोड वाजला. टाळ्या थांबेनात.

दीक्षानं दुसऱ्या दिवसापासून कॉलेज सोडलं. कमलबाईनं, तिच्या आईनं, हातापाया पडून पाहिलं. पोरगी हलली नाही. वर्षभरात लग्न होऊन ती कळमनुरीला गेली. आईला भेटायला यायची, ती बाप ड्यूटीवर असताना.

दोन हजार चार साली सभागृहात कॉम्प्युटर आले. ऑर्गन भंगारात काढायचं ठरलं. तो खोलायचं दुसऱ्या कुणाला जमेना, म्हणून काम पुन्हा शेषरावावरच आलं. भंगारवाल्याचा गडी, पोत्यात मावेनात म्हणून, नळ्या गुडघ्यावर वाकवत होता.

"चाचा, ये किसी काम के हैं क्या?"

"न्हाई," शेषराव म्हणाला, आणि पुढची नळी काढून त्याच्या हातात दिली.