नदीच्या वाळूचा उतार

ओल्या हळदीचा वास आला की माझ्या कानांत अजूनही लाकडावर रबर आदळल्याचा एक बोदा आवाज उमटतो. धुळ्याच्या आमच्या घराचा सागवानी उंबरा, त्यावर सासूबाईंनी सकाळी वाहिलेले हळदकुंकू, आणि त्याला धडकून मागे सरकणारी यांची चाकांची खुर्ची.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. रावेरहून केळी भरून येताना ट्रक उलटला आणि यांचे कमरेखालचे शरीर कायमचे निपचित झाले. इस्पितळातून घरी आल्यावर उमगले की आमचे घर केवळ चालणाऱ्यांसाठी बांधलेले होते. मोरीचे दार खुर्चीहून अरुंद, माठ उंचावर, दिव्याची बटणे हाताच्या पलीकडे. खुर्ची वळायला किती जागा लागते ते मी अंगणात रांगोळीने वर्तुळ काढून गवंड्याला दाखवले. मोरी रुंद झाली, माठ खाली आला, बटणेही उतरली. उंबरा मात्र तसाच राहिला.

“त्याच वाटे कानबाई येस. ती वाट मी कशी मोडू?” सासूबाई म्हणाल्या. कानबाई ही आमची खान्देशातली देवी, श्रावणात घरी येऊन बसते.

बाहेर जायचे तर शेजारचे दोघे भाऊ यांना खुर्चीसकट उचलत. नवरदेवाची वरात निघाली, अशी थट्टा करत. हे सुरुवातीला हसत. पुढे त्यांनी बाहेर जाणेच सोडले. मग जेवायलाही आतल्या खोलीतून येईनासे झाले. मी जप करायची, पण मणी बोटांखालून नुसते घरंगळत. जी वाट देवीला आत आणते तीच माझ्या माणसाला कोंडते, हे गाऱ्हाणे न्यावे तरी कोणाकडे? देवीकडेच ना? आणि ती ऐकते यावर माझा विश्वास उरला नव्हता.

श्रावणात कानबाई बसली. नारळावर मुखवटा, नथ, फुलांचे गजरे, पुरणाचा दरवळ. मी सारे केले, पण मन कुठेच टेकत नव्हते. दुपारी दर्शनाच्या बायकांत काठी टेकत एक अनोळखी म्हातारी आली. प्रत्येकीला वाटले, दुसरीचीच पाहुणी असेल. तिचा गुडघा उंबऱ्याइतका उचलेना, तेव्हा ती सरळ उंबऱ्यावरच बसली. सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. पण त्या दिवशी दारातून कोणाला उठवत नाहीत.

तेवढ्यात आतून चाके वाजली. हे स्वतःहून आले होते, मांडीवर लाह्या-फुटाण्यांचे ताट घेऊन. वाकून त्यांनी तिच्या पदरात प्रसाद घातला. दोघांच्या मध्ये तेवढे लाकूड होते. तिने यांच्या पायांकडे पाहिले, आणि मग सासूबाईंकडे.

“माले मझार येता येत नही, त्याले बाहेर येता येत नही. मंग हाऊ उंबरा कोनासाठे शे, माय?”

म्हातारी उठून गेली. ती भडगावकडची असावी, असे कोणीतरी म्हणाले. तिला कोणी पाठवले, हे मी आजवर कोणाला विचारलेले नाही.

दुसऱ्या दिवशी पांझरेत कानबाईचे विसर्जन झाले. रिवाजाप्रमाणे, ज्या पाटावर ती गेली त्याच पाटावर नदीची ओली वाळू घरी आली. ती दरवर्षी धान्याच्या कोठीत पडायची. सासूबाईंनी पाट दारातच उतरवला, उंबऱ्याला हळदकुंकू वाहिले, त्यावर कपाळ टेकले आणि गवंड्याला बोलावणे धाडले. ती वाळू त्यांनी सिमेंटच्या मालात मिसळायला लावली. डोक्यावर कानबाई घेऊन उतरणाऱ्या बाईला हिसका बसणार नाही, इतका लांब आणि सावकाश उतार कर, एवढेच त्याला सांगितले. गवंड्याने उंबरा काढला आणि उतार अंगणाच्या कडेने वळवून नेला.

माझ्या तळमळीत मी देवीला किती वाटा सुचवल्या होत्या. तिने माझी एकही घेतली नाही, आणि मी कृतज्ञ आहे.

उतार सुकला. सिमेंटचा गार वास अजून येत होता. हे वरच्या टोकाशी येऊन थांबले. सवयीने मी खुर्चीच्या मागच्या मुठी घट्ट धरल्या. माझी बोटे पांढरी पडली होती. मान न वळवता हे हळूच म्हणाले,

“सोड.”