कोर्सिंगने पिस्तूल खाली ठेवलं

कोर्सिंग पाहिलांगाला लहानपणापासून एकच बोल ऐकायला मिळाला होता: किती गं घाई तुला. चालायची घाई, जेवायची घाई, चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या आधी ही आमेन म्हणून मोकळी. इलोइलो शहराच्या हारो भागात तिची बिस्कोचोची भट्टी होती. पावाचे काप लोणी-साखर लावून दुसऱ्यांदा भाजायचे. हे काम सबुरीचं, त्यामुळे सासू असेपर्यंत रोज काहीतरी ऐकावं लागायचंच.

एकोणचाळिसाव्या वर्षी ती पाविया गावाच्या पलीकडे, उसाच्या शेतांमधल्या नेमबाजीच्या मैदानावर बिस्कोचोचे डबे पोचवायला गेली. तिथे मनोंग तेम्योंग होते. शाळेचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले; अख्खं मैदान त्यांना थोरल्या भावासारखं मनोंग म्हणायचं. त्यांनी गंमत म्हणून तिच्या हातात पिस्तूल दिलं आणि खेळ समजावला. भिंती, पिंपं, खिडक्या मांडलेल्या असतात. त्यांच्यामधून धावत जायचं आणि पुठ्ठ्याची तपकिरी लक्ष्यं नि पोलादी पाट्या टिपायच्या. मधेमधे पांढरी लक्ष्यं असतात, त्यांना लागलं की गुण कापले जातात. शेवटी जे गुण मिळतील त्यांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. कोर्सिंगने दोनदा विचारून खात्री केली. म्हणजे जो लवकर उरकेल त्याला जास्त? मनोंग म्हणाले, हो, पण नेम चुकवून नाही, आणि नीट दिसल्याशिवाय तर नाहीच. जन्मात पहिल्यांदा तिच्या घाईला कुणी गुण देत होतं.

त्याला सतरा वर्षं झाली. पोस्टात काम करणारी लुडी त्याच वर्षी आली होती. दोघी एकाच तुकडीत खेळायच्या, एकमेकींची लक्ष्यं बुजवायच्या. गोळी झाडून झाली की भोकांवर कागदी पट्ट्या चिकटवाव्या लागतात, ते काम सगळे मिळूनच करतात. रविवारी दुपारी आंब्याखाली केळीच्या पानावर भात, तळलेला बांगूस मासा नि मिरचीचं व्हिनेगर. चेष्टा-मस्करीला ऊत यायचा. लुडी तिला थोरल्या बहिणीसारखं मनांग म्हणायची, आणि तिच्या धावण्यावर लुडीचं ठरलेलं वाक्य होतं, "आमच्या मनांगची गोळी मागून येते, आधी मनांग पोचते." सगळे हसायचे आणि कोर्सिंग सगळ्यांच्या आधी पान संपवून उठलेली असायची.

मार्चमध्ये एका सकाळी भट्टीतून काढलेल्या ट्रेमध्ये मधला एक काप तिला दिसेना. भट्टीवर कामाला असलेल्या पोरीने खाल्ला असेल म्हणून ती रागावणार, तोच बोट लागलं. काप तिथेच होता. तिने चष्मा पुसला. त्या रविवारी मैदानावर पिस्तुलाचं पुढचं टोक, ज्यावर नजर ठेवून नेम धरायचा तेच, दिसेनासं झालं. आजूबाजूचं सगळं जागच्या जागी, फक्त जिथे बघावं तेवढंच गायब.

डॉक्टरीणबाईंनी फार लपवाछपवी केली नाही. अकरा वर्षांच्या मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर रक्त पाझरलं होतं. उजव्याचा मधला भाग गेला होता, तो परत यायचा नव्हता. डाव्यातही सुरुवात झाली होती. या आठवड्यापासून इंजेक्शनं आणि लेझर सुरू केलं तर डावा बराचसा वाचेल, असं त्या म्हणाल्या. कोर्सिंगने विचारलं की उपचार चालू असताना पिस्तूल चालवता येईल का. बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. बाहेर येऊन तिने उपचाराची तारीख घेतली ती नऊ आठवड्यांनंतरची. मेच्या शेवटी समुद्रापलीकडच्या बाकोलोदला वर्षाची मोठी मॅच होती. त्यांचा चौघांचा संघ होता, ती, लुडी आणि मैदानावरचे दोघे सख्खे भाऊ, आणि मागच्या साली तो थोडक्यात दुसरा आला होता.

तिने मैदानावर कुणालाच काही सांगितलं नाही. चष्म्याच्या उजव्या काचेवर चिकटपट्टी लावली आणि डाव्या डोळ्याने नेम धरायची नवी युक्ती शिकतेय म्हणून सांगितलं. असे प्रयोग बरेच जण करतात, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. दुपारी भट्टी निवायला लागली की ती मैद्याच्या पोत्यांमध्ये बिस्कोचोची रिकामी खोकी मांडायची आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून रिकाम्या पिस्तुलाने सराव करायची. सुरुवातीला नेहमीसारखा. मग तिने सरावाची रीतच बदलली. खोकी कुठे आहेत ते मोजायचं. दारापासून चार पावलं, डाव्या खांद्याच्या रेषेत पहिलं, वीतभर उजवीकडे दुसरं. मग दिवा मालवून खिडकी लावायची आणि तेच पुन्हा करायचं.

तिचा नवरा देल्फिन फेरीबोटीच्या इंजिनावर कामाला होता. त्याला तारखेची चिठ्ठी तिच्या एप्रनच्या खिशात सापडली. तो भट्टीत आला तेव्हा ती अंधारात पिस्तूल रोखून उभी होती.

"हे मेच्या अखेरीचं काय आहे?" त्याने विचारलं. "या आठवड्यात ये म्हणाल्या होत्या ना त्या?"

"मॅच झाली की जाते."

"मॅच गेली खड्ड्यात, कोर्सिंग. डोळा आहे तो."

तिने पिस्तूल पोत्यावर ठेवलं आणि खाली बसली. "डोळा वाचला तरी हे नाही वाचणार," ती म्हणाली. "हे गेलं, देल्फिन. तू कितीही डॉक्टर आण. एक मॅच दे मला. एवढी एक. मग तू म्हणशील तिथे येते, म्हणशील ते टोचून घेते."

तो दारातच उभा होता. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो आत आला, घड्याळ उचललं आणि म्हणाला, "कर सुरू. वेळ मी घेतो." त्या दिवसापासून तोही त्या लपवालपवीत सामील झाला, आणि त्याचं जेवण निम्म्यावर आलं.

एप्रिल सरता सरता डाव्या डोळ्यातही मधोमध एक धुरकट डाग आला. रात्री अंथरुणावर ती एक डोळा झाकून छताच्या पट्ट्या मोजायची, कालच्यापेक्षा किती कमी दिसतात ते बघायला. पुढे तिने मोजणं सोडलं.

बाकोलोदच्या मॅचचे दोन दिवस होते. देल्फिनही बरोबर आला होता. प्रत्येक खेळाआधी तुकडीला पाच मिनिटं आत फिरून पाहणी करायला मिळते. इतर जण हाताची पिस्तुलं करून हवेत नेम धरत फिरत होते, थट्टा करत होते. कोर्सिंग भिंतींना हात लावत, ओठांत पावलं मोजत फिरत होती. पिंपामागे किती लक्ष्यं आहेत, हे तिने लुडीला सहज विचारल्यासारखं तीनदा विचारलं.

पहिला दिवस तिने काढला. भोंगा वाजला की पायच तिला नेत होते. लक्ष्याच्या कडा दिसायच्या आणि मधलं तिचं पाठ होतं. दुसऱ्या खेळात तर तिची वेळ तुकडीत सगळ्यांत कमी आली. दोघा भावांनी तिला खांद्यावर उचलायचं नाटक केलं, आणि ती इतकी हसली की डोळ्यांना पाणी आलं. तिसऱ्यात मात्र एक गोळी पांढऱ्यावर बसली. लुडी म्हणाली, "मनांग, पांढऱ्यावर जीव जडला काय गं?" कोर्सिंगही हसली आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली.

संध्याकाळी भाजलेल्या कोंबडीच्या दुकानात तिने व्हिनेगर वाटीबाहेर ओतलं. लुडीने टेबल पुसलं आणि हळूच विचारलं, "डोळे बरे आहेत ना गं तुझे?"

"दिवे मंद आहेत इथले," कोर्सिंग म्हणाली.

लुडीने वर दिव्यांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशीच्या दुसऱ्या खेळाला पंच म्हणून एक तरुण होता, बाकोलोदचाच. चांगला होता, पण उन्हाने आणि धावपळीने कावलेला. कोर्सिंगच्या आधीच्या भिडूचा खेळ संपला, सगळे पट्ट्या चिकटवायला आत गेले आणि परत आले. पंचाने डोकी मोजली, मैदान मोकळं म्हणून पुकारलं आणि कोर्सिंगला पिस्तूल भरायचा हुकूम दिला.

तिने पिस्तूल काढलं. भरण्याआधी रिकाम्या पिस्तुलाने एकदा नेम जुळवायची तिची सवय होती. डावीकडे सगळ्यांत लांबचं लक्ष्य तिला अवघड जाणार होतं, म्हणून तिने तेच धरलं. पुठ्ठ्याचं तपकिरी लक्ष्य तिला नीट दिसलं. तिने बोट घोड्याकडे नेलं.

तेवढ्यात मागून चार-पाच आवाज एकदम आले. "थांब. थांब. माणूस आहे."

तिचं बोट बाजूला झालं. पण कुठला माणूस ते तिला कळेना. ती त्याच लक्ष्याकडे बघत होती, आणि तिथे पुठ्ठ्याशिवाय काही नव्हतं. मग त्या पुठ्ठ्यातून लुडी उभी राहिली. हातात पट्ट्यांचं रीळ, अंगात पिवळा शर्ट. खालचं एक भोक राहिलं होतं म्हणून ती उकिडवी बसली होती.

पंचाचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने सगळ्यांसमोर चूक कबूल केली. मोजण्यात आपली गफलत झाली, बाईंनी हुकुमाप्रमाणेच केलं, त्यांच्यावर काही येत नाही, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करू. पिस्तूल तर रिकामंच होतं. कुणी कोर्सिंगच्या पाठीवर हात ठेवला, कुणी पाणी दिलं. लुडी चालत आली. हसायचा प्रयत्न करत होती.

"सरळ माझ्याकडे बघत होतीस तू," ती म्हणाली. "मला वाटलं, ओळखलंस. हात करणार होते मी."

कोर्सिंगने कमरेची मॅगझिन काढून ठेवली, पिस्तूल रिकामं असल्याचं पंचाला दाखवलं आणि ते त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं. मागे मनोंग तेम्योंग उभे होते. यंदा ते खेळत नव्हते, संघाबरोबर आले होते. त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "माझं नाव काढा. मला दिसत नाही."

मग तिने सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाई, चिठ्ठी, अंधारातली खोकी. तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर. सांगताना तिने घाई केली नाही.

मनोंग ऐकून घेत होते. नंतर म्हणाले, "किती आठवडे?"

"नऊ."

"नऊ आठवडे तू भरलेलं पिस्तूल घेऊन आमच्यात फिरलीस, इंदाय. माझ्या मैदानावर." लेकीला म्हणावं तसं ते इंदाय म्हणाले, आवाज चढला नव्हता. "मी तुला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं?"

ते तोंड फिरवून भिंतीपलीकडे गेले. सत्तरी ओलांडलेला तो माणूस तिथे रडत होता, हे देल्फिनने तिला पुढे कधीतरी सांगितलं.

एक भिडू कमी झाल्याने संघ बाद झाला. दोघा भावांनी बोल लावला नाही. लुडीने आपले उरलेले खेळ संपवले आणि परतीच्या बोटीत वरच्या डेकवर जाऊन बसली. खाली कोर्सिंग तिच्यासाठी जागा धरून होती, बोट इलोइलोला लागेपर्यंत.

इंजेक्शनं सुरू झाली. डाव्या डोळ्यातलं जे वाचू शकलं असतं त्यातलं निम्मंच वाचलं. उरलेलं निम्मं कशामुळे गेलं हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही, कोर्सिंगला माहीत होतं. पिस्तूल परवान्यासकट चौकीत जमा झालं. बिस्कोचो आता पोरी भाजतात, ती वासावरून सांगते की काढा. बऱ्याचदा लवकर सांगते.

पावसाळाभर लुडी आली नाही. ऑक्टोबरात एका सकाळी दुकानात कुणीतरी दोन डबे मागितले आणि कोर्सिंगने आवाज ओळखला.

"आत ये," ती म्हणाली.

"आत नाही येत." लुडी काउंटरला धरून उभी होती. "मला अजून स्वप्न पडतं मनांग. तू बघतेस माझ्याकडे, आणि तुला दिसत नाही. त्या दिवशी मी तुला विचारलं होतं. तू मला दिव्याचं सांगितलंस."

"हो."

"माझ्याशी खोटं बोललीस."

"हो," कोर्सिंग म्हणाली. "दुसऱ्या कुणाशी बोलले असते तरी चाललं असतं. तुझ्याशी नको होतं."

लुडी बराच वेळ डबे बांधत राहिली, बांधलेलेच पुन्हा बांधत. मग म्हणाली की रविवारी मनोंगचा वाढदिवस आहे, मैदानावर जेवण आहे, त्यांनी कुणाला बोलवायचं नि कुणाला नाही असं काही सांगितलेलं नाही. एवढं बोलून ती निघून गेली.

कोर्सिंग रविवारी गेली. देल्फिनने तिला आंब्याखालच्या बाकावर बसवलं. मैदानावर भोंगा वाजला तसा तिचा उजवा हात आपसूक कमरेकडे गेला. तिने तो दुसऱ्या हाताने धरून मांडीवर दाबून ठेवला. पुढचा भोंगा, मग त्याच्या पुढचा. तिला वाटलं उठून पळावं, पण कुठल्या बाजूला ते कळेना. मनोंग येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. जेवायची वेळ झाली तेव्हा कुणीतरी तिच्यापुढे पान ठेवलं आणि माशाचे काटे काढून दिले. कोण होतं ते तिने विचारलं नाही.