काहिलीतली ओटी

मांडीवर तापानं फणफणलेलं, वर्षाच्या आतलं लेकरू आणि समोर दोन्ही थड्या गिळून बसलेली वांग नदी. देवावर भरवसा ठेवू की पाण्याकडं बघू, हेच मला त्या दुपारी कळत नव्हतं. गोष्ट सत्तर-पंच्याहत्तरच्या दरम्यानची, सातारा जिल्ह्यातली. गावात डॉक्टर नाही, नदीवर पूल नाही, मालक फौजेत लांब. सकाळी बाळाला एक झटका येऊन गेला होता. दुसरा यायच्या आत पलीकडच्या दवाखान्यात पोचायचं, एवढंच डोक्यात.

पुरात आमच्याकडं होडी म्हणजे गुऱ्हाळाची काहील. उसाचा रस उकळायची भली थोरली लोखंडी कढई. एरवी तिच्यात गूळ शिजतो, पुरात माणसं. तिला ना तोंड ना शेपूट, त्यामुळं ती भिंगरीसारखी फिरते. दोन पोहणारे कडेला धरून ढकलतात. घाटाच्या बरंच वरून निघायचं, धारेशी भांडायचं नाही, तिरकं जात पलीकडच्या घाटाला लागायचं. घाट हुकला की खाली खडकांची रांग आणि पांढरंफेक उसळणारं पाणी. तिथं गेलेली काहील उलटीच सापडते.

माझा धाकटा दीर आणि त्याचा जोडीदार तरंगायला पाठीला सुके भोपळे बांधून तयार होते. काहिलीत एक अनोळखी म्हातारी आधीच बसलेली, काखेत कोंबडी. दीर म्हणाला, "वयनी, बुडाशी बसायचं. काय बी झालं तरी उठायचं न्हाई." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी तेव्हा लय हुशार!

पण सासूबाईंनी ओटी दिली होती. खण, नारळ, हळदकुंकू. "मधल्या धारेत सोड गं, नदी माय हाय, वाट दील," म्हणाल्या होत्या. मधली धार आली. आमची भक्ती एवढी दांडगी, की बसून ओटी सोडली तर नदीला दिसायचीच नाही जणू! एका हाती पोर, दुसऱ्या हाती नारळ, आणि मी झाले उभी. काहील एका अंगाला कलली, भसकन पाणी आत आलं. दीर आणि जोडीदार, दोघांचेही हात सुटले आणि काहील गरगरत त्या पांढऱ्या पाण्याकडं ओढली गेली. मी घाबरून कललेल्या बाजूचीच कड धरली, म्हणजे उरलंसुरलं पाणीही आत यायची सोय.

तेवढ्यात म्हातारीनं माझा पदर धरून मला खाली आपटलं. "बस गं बये! नदीला नारळ द्यायला उठलीस का पोर?"

ते बोलणं काळजात घुसलं. तिनं माझे पाय आपल्या पायांत अडकवले, बाळाला दोघींच्या मधी घेतलं. "कड सोड. देवाचं नाव घे आन् गप पड."

खडकांचा आवाज कानांत भरत होता. बाळाचं अंग भाजत होतं, ते रडतही नव्हतं. मी कड सोडली. तोवर देवाला मी सतत सांगत आले होते, असं कर, तसं कर. त्या वेळी काहीच सुचलं नाही. नुसतं 'आई' म्हणाले. काहील सपाट बसली, दोनदा खडकांना घासली, आणि फिरत फिरत पलीकडच्या थडीजवळ एका मोठ्या खडकाआडच्या संथ पाण्यात शिरून थांबली.

दीर आणि जोडीदार धापा टाकत पोचले. दीर म्हणाला, "वयनी, नारळ कुठाय?"

"गेला."

"लय बेस! तुमी ऱ्हायला न्हवं?"

डॉक्टरांनी सुई दिली, एसटीनं मिरजेला धाडलं. तिथं बाळाचा ताप उतरला. आज त्याचे केस माझ्यापेक्षा पांढरे आहेत.

म्हातारीला मात्र नाव विचारायचं राहिलं. मी पोराला पुसत होते, तोवर ती ओल्या कोंबडीला शिव्या देत थडी चढून गेली. देवी म्हणावी, तर देवीच्या तोंडी असल्या शिव्या? आणि साधी बाई म्हणावी, तर माझे हात जुळतात ते का? मी तो हिशेब सोडून दिला आहे. कुणाचा का असेना, त्या हातानं मला वेळेवर खाली बसवलं.

संकट आलं की अजूनही माझा जीव आधी उठून उभा राहतो, देवाला मदत करायला! मग मी स्वतःलाच दटावते, देवापुढं फतकल मारते, आणि काही न मागता त्याच्याकडं बघत राहते. पुढचं तो बघतो.